फ्राईड राईसची पेज

बाबा, काल तुमची कढई घासताना मला पुन्हा तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हा राग काही जुना होत नाही. शेजारी नवीन बिऱ्हाड आलंय, त्यांची सून दारात उभी होती. एवढी जड कढई कुठे मिळाली, म्हणून तिने विचारलं. वडिलांनी बनवली होती, म्हटलं. "वा, हौशी होते हो तुमचे वडील," ती म्हणाली, आणि मी मान डोलावली. घरात आले आणि कढई ओट्यावर आपटली. हौशी! जन्मभर लोकांनी तुम्हाला हाच शब्द बहाल केला आणि तुम्ही तो खुशाल मिरवलात. हौस तुमची आणि राबणं आईचं, हे एकदा तरी कुणीतरी तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. तेव्हा कुणी म्हटलं नाही. मग आता मीच म्हणते.

बोईसरच्या त्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात तुम्ही फिटर होतात. लहान टाकीच्या बुडाला लावायचा एक गोल, खोलगट तुकडा मापात चुकला आणि भंगारात गेला. तुम्ही साहेबांकडून गेटपास घेतलात, कडा ग्राइंडरवर घासल्यात, दोन सळ्या वाकवून कान जोडलेत आणि ती कढई सायकलच्या कॅरिअरला बांधून चाळीत घेऊन आलात. कँटीनमध्ये दार्जिलिंगकडचा एक आचारी होता, त्याने तुम्हाला फ्राईड राईस शिकवला होता. "चावल कल का चाहिए, एकदम सूखा. गीला डाला तो खिचडी," हे तुम्ही त्याच्याच आवाजात आम्हाला म्हणून दाखवायचात. तुम्ही त्या कढईला वोक म्हणायचात, आई कढईच म्हणायची. नवं लोखंड काळं पाणी सोडतं. आठ दिवस आईने ती राखेने आणि नारळाच्या सोडणाने घासली, तिच्यात मीठ भाजलं, तेल चोळून चोळून तापवली, तेव्हा कुठे ती खाण्यालायक झाली. पहिल्या रविवारी तुम्ही शेजाऱ्यांना सांगितलंत, "मी तापवून तापवून तयार केलीय." मी तिथेच उभी होते. आई कांद्याची पात निवडत होती. 

तुमच्या त्या रविवारांचं चाळीत केवढं कौतुक! खरं तर तो रविवार शनिवारी दुपारीच सुरू व्हायचा. आई वाडा कोलम तांदूळ निवडायची, मोकळा शिजवून पेज काढायची, परातीत पसरून टेबलफॅनसमोर ठेवायची. शितं दुखावू नयेत म्हणून हाताने नाही, उलथन्याच्या टोकाने सारायची. मग कोबी, गाजर, फरसबी, सगळं काडीसारखं बारीक. कोलंबी सोलायची तीही तीच, आणि मागाहून हात लिंबाने धुवायची तीही तीच. रविवारी बारा वाजता तुम्ही खांद्यावर टॉवेल टाकून येता. मी स्टोव्हला पंप मारते, ज्योत निळी होऊन भसभसायला लागते. तुम्ही तेल ओतता, लसूण टाकता, कढई एका हाताने हिसडता आणि भात वर उडून पुन्हा कढईत पडतो. दारात पोरं उभी असतात. सोया सॉसचा वास जिन्यापर्यंत जातो. दहा मिनिटांत सगळं तयार. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो याहून वेगळा नसावा. खरं सांगायचं तर तो भात फार चांगला व्हायचा, बाबा. ते मी नाकारत नाही आणि म्हणूनच मला जास्त चीड येते.

आता त्या दिवसाकडे येते. तुम्हाला फोरमन व्हायचं होतं, म्हणून तुम्ही साहेबांना आणि त्यांच्याबरोबर आणखी दोघांना जेवायला बोलावलंत. कोलंबी आपल्या गावची, दांडीचीच हवी, असा तुमचा हट्ट. आई रविवारी पहाटेच्या एसटीने दांडीला गेली आणि पाहुणे जिना चढत असताना मागच्या दाराने घरात शिरली. तोवर कुणी भाताचं टोप उघडून पाहिलंच नव्हतं. तुम्ही साहेबांना कढईची गोष्ट सांगत होतात. साहेब समोर असले की तुमच्या 'नाय'चं 'नाही' व्हायचं आणि 'हाय'चं 'आहे', ते मला तेव्हाही कळायचं. मग तुम्ही ऐटीत टोपावरचं झाकण उचललंत. भात पाण्यात तरंगत होता.

आपल्याकडे उरलेल्या भाताचं दुसरं काही करतच नाहीत. फ्रिज होता कुणाकडे? आईचं माहेर दातिवरे, तिथेही तेच आणि दांडीलाही तेच. संध्याकाळी भात उरला की त्यात पाणी घालायचं, म्हणजे तो विटत नाही. सकाळी त्यावर मीठ, कांदा आणि भाजलेला बोंबील. तुम्ही स्वतः त्याच्यावर वाढलात, पहिल्या पाळीला जाताना रोज तोच खाऊन जायचात. आठवड्यातून फक्त शनिवारचा भात कोरडा राहायचा, तोही तुमच्या हौसेसाठी. पण त्या दिवशी तुम्ही असं पाहिलंत, जणू असा भात जन्मात पाहिला नव्हता. तुम्ही विचारलंत, "हे कुणी केलं?" आई कोलंबीची पिशवी हातात घेऊन उभी. तिच्या पायाला अजून रेती होती. तिने एक क्षण माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे. "मी घातलं पानी," ती म्हणाली. "हाताला सवय हाय ना. ध्यानात नाय रायलं."

तेवढ्यावर थांबता आलं असतं. तुम्ही पाहुण्यांकडे वळलात आणि म्हणालात, "ही दातिवऱ्याची अक्कल. चायनीज करायला गेलो आणि बायकोने फ्राईड राईसची पेज केली." सगळे हसले. साहेबही हसले. तुम्हाला हसू मिळालं तसे तुम्ही आणखी चढलात. "हिला कशाला शिकवायचं? हिचा भात बुडालेलाच बरा." आईने पदराने तोंड पुसलं आणि मोरीपाशी बसून कोलंबी सोलायला घेतली. अर्ध्या तासात तिने तीन पेले तांदळाच्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या आणि तुमच्याच कढईत कोलंबी परतली, नुसती हळद, मिरची, लसूण, कोकम. साहेबांनी दोनदा मागून घेतली. "वहिनी, असं जेवण हॉटेलात नाही," असं जाताना म्हणाले. त्या दिवशी पाहुण्यांचं पोट कुणी भरलं, बाबा? तुमची लाज कुणी राखली? पुढच्या वर्षी तुम्ही फोरमन झालात. तुमचं नुकसान काय झालं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि तरी ती पेज तुम्ही सोडली नाहीत. लग्नात, बारशाला, मनोरला मावशीकडे गेलो तेव्हा, जिथे चार माणसं जमली तिथे तुम्ही ती वाढलीत. दरवेळी तुमच्या गोष्टीत पाणी वाढत गेलं, साहेबांचं हसणं वाढत गेलं. कोलंबी आणि भाकऱ्या मात्र कधीच आल्या नाहीत. आई तिथेच बसलेली असायची. हसायचीसुद्धा. पण त्या रविवारनंतर तिने फ्राईड राईसचं शीत तोंडात घातलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? पोट भरलंय म्हणायची आणि आम्ही उठल्यावर टोपातला पाण्यातला भात घेऊन बसायची. शनिवारी परातीत भात पसरणं मात्र चुकवलं नाही. माझ्या लग्नात तुम्ही ती कढई नव्या फडक्यात बांधून मला दिलीत आणि मांडवात सगळ्यांसमोर म्हणालात, "ही तुझी. तुझ्या आयला काय जमायची नाय." मला इतकं रडू आलं की लोकांना वाटलं, पोरगी सासरी चालली म्हणून रडतेय.

तुम्ही गेलात त्याच्या दहाव्याला कारखान्यातले तुमचे दोस्त आले होते. चहा झाला, बोलणं सैल झालं, आणि त्यातल्या एकाने आईलाच म्हटलं, "वहिनी, ती पेज आठवते का?" पांढऱ्या कपाळाची आई, तीसुद्धा हसली. "आठवते तर," म्हणाली. "माझीच चूक." मी कपबशा गोळा केल्या आणि आत निघून गेले. नळ मोठा सोडला आणि आधीच धुतलेल्या बशा पुन्हा धुतल्या.

इथवर लिहून मघाशी पेन खाली ठेवलं होतं. पुढचं लिहायचं नाही असं ठरवूनच बसले होते, पण मग हे पत्र तुमच्या गोष्टीसारखंच होईल. त्या शनिवारी आई मला सांगून शेजारी भाजी चिरायला गेली होती, भात गार झाला की टोपात भर आणि झाक. मी भरला. मग रोज संध्याकाळी करायचे तेच केलं, कारण ते काम माझंच होतं. हंड्यातून दोन तांबे पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि खेळायला गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, आईने माझ्याकडे बघितलं, तेव्हाच तिला कळलं होतं. मी सहावीत होते, घाबरले, गप्प राहिले. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलंय. पण मांडवात मी सहावीत नव्हते, आणि तुमच्या दहाव्याला तर नाहीच नाही.

आई आता माझ्याकडे पालघरला असते. तिने कधी विषय काढला नाही, मी कधी निघू दिला नाही. आज रविवार, दुपारी मी त्या कढईत फ्राईड राईस केला होता. तिने ताट बाजूला सारलं, "माझं पोट भरलंय," म्हणाली. तुमच्यावर चिडणं सोपं आहे बाबा, तुम्ही उलट विचारत नाही. ती आत पलंगावर जागीच आहे, कपड्यांच्या घड्या घालतेय. इथून उठून दहा पावलं जायचं आहे, आणि मी मघापासून तुम्हालाच लिहीत बसले आहे.