समेट आहे, असं म्हणवेना

किचनर, ऑन्टारिओ

प्रिय एझ्रा, म्हाताऱ्या दादाचे आशीर्वाद.

लेकीकडे, लीडियाकडे मी मजेत आहे. गुडघे कुरकुरतात, पण माझ्याइतके नाही. शाळेत बाईंनी शिकवलेली नदीची कविता रोज म्हणतो, फक्त तिसरं कडवं आठवत नाही. तुला येतं का? शेतावरचं बर्फ वितळलं का?

इथल्या मेनोनाइट मंडळीतही प्रभुभोजनाआधीच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी वाटून खाण्याआधीच्या रविवारी प्रत्येकाला विचारतात, "सगळ्यांशी समेट आहे ना?" साठ वर्षं मी सहज 'आहे' म्हणत आलो. परवा तोंडच उघडेना. तू सैन्यात निघालास तेव्हा पुढे केलेला तुझा हात मी हातात घेतला नव्हता, तोच डोळ्यांपुढे आला.

प्रश्न विचारणाऱ्या चर्चच्या सेविका रूथबाई हळूच म्हणाल्या, "आजोबा, उत्तर मला नकोच. घरी टपालाचं पाकीट, तिकीट आहे का?"

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

आपण मेनोनाइट, शस्त्र न धरणारी माणसं, म्हणून तुला सैन्यातलं कधी काही विचारलंच नाही. एझ्रा, तिकडे तू प्रार्थना कशी करायचास? कुणासाठी? खरंच जाणून घ्यायचं आहे. राग असेल तर रागाचं लिही, पण लिही. तोवर प्रभुभोजनात भाकरीचं ताट माझ्यापाशी आलं की मी तुकडा न घेता ते शेजाऱ्याकडे सरकवीन.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
एलामदादा