शांघायला रात्र, शारजात संध्याकाळ

१० नोव्हेंबर, सोमवार

गेला एकदाचा नवरा शांघायला! दुबईतल्या कुठल्याशा हॉटेलच्या नाइटक्लबमध्ये दिवे लावायचं काम कार्लच्या कंपनीला मिळालंय. म्हणून साहेबांनी आठवडाभर शांघायचे बार नि क्लब हिंडायचे — कुठे कसली लायटिंग आहे ते बघायला. पगारी काम, बरं का! आणि सोबत कोण? त्याच्याच ऑफिसातली, सेल्सची करेन!

बॅग मीच भरली. निळा शर्ट मात्र त्याने स्वतःहून काढून दिला. इथे शारजात माझ्याबरोबर अल मजाजच्या खाडीवर चालायला येताना हाच माणूस भोकं पडलेला टी-शर्ट घालतो.

११ नोव्हेंबर

पहिला फोटो. नदीकाठचा उंच बार, काचेबाहेर सगळं शहर लखलखतंय. "छत बघ, मरिसा! दिवा कुठेच दिसत नाही, नुसता उजेड!" छत कसलं बघते मी! टेबलावर दोन ग्लास होते. तिथे रात्र रंगलेली आणि इथे संध्याकाळ — मी ओट्याशी कोळंबी सोलत उभी. आमच्या शारजात बिअरचा थेंब मिळत नाही, आणि हे दोघं तिथे चिअर्स करतायत.

१२ नोव्हेंबर

आज तीन ठिकाणं. एका बारमध्ये म्हणे फ्रीजचं दार उघडून आत शिरायचं! एका क्लबात जमिनीतूनच उजेड येतो, पाय पडेल तिथे रंग बदलतो. "तुला कसं कळलं?" विचारलं. "करेन नाचली ना. कोणीतरी ट्राय करायलाच हवं."

जळते मी. हो, जळते! लिहूनच टाकते. लग्नात बँड वाजला तेव्हा नाचला असेल तेवढाच. त्यानंतर माझ्याबरोबर एक पाऊल टाकलं नाही त्याने. "मला नाही जमत गं," म्हणतो.

मॉलीला म्हटलं, बघ तुझ्या डॅडींचे पराक्रम. पोरगी मोबाईलमधून डोकं वर काढेल तर शपथ. "मम्मा, रिलॅक्स. इट्स वर्क." वर्क म्हणे!

१३ नोव्हेंबर

आज फोटो नाही. पाठवला तरी त्रास, नाही पाठवला तरी त्रास.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी फोटो आला. कालचा, करेनने काढलेला. कार्ल काउंटरला टेकून हसतोय. निळा शर्ट! माझ्या कॅमेऱ्यासमोर तर हा पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा बसतो.

चर्चमध्ये मिस्साला गेले. प्रार्थनेत लक्ष कुठलं! बाहेर आवारात ऑस्कर भेटला — करेनचा नवरा. आमच्या निर्मळ गावचाच, लहानपणापासून ओळखते. राग नाकावर, तोही लहानपणापासून. "काय मरिसा, तुझ्या नवऱ्याने माझी बायको पळवली की काय?" थट्टाच करत होता बिचारा. हसून सोडून द्यायचं की नाही? नाही! मोबाईल काढला. ग्लास दाखवले, क्लब दाखवला, नाचाचंही सांगितलं. वर म्हणते कशी, "तूच बघ बाबा, मी काही बोलत नाही."

त्याचा चेहराच उतरला. करेनने त्याला सांगितलेलं — दिवसा फॅक्टरी, जेवून लगेच झोप. "बारचं एक अक्षर बोलली नाही मला," म्हणाला. "खलास. बघतो मी."

घरी येताना हलकं वाटलं. खोटं कशाला लिहू, छान वाटलं. आता कोणीतरी माझ्यासारखंच जळतंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

कार्लचा फोन. भांडायच्या तयारीनेच उचलला. तर म्हणतो, "तू इथे पाहिजे होतीस गं. काल एका छोट्याशा बारमध्ये एक म्हातारं जोडपं नाचत होतं. करेन म्हणाली, बघ, तू नि मरिसा. मी शिकतोय, ऐकतेस ना? करेन शिकवतेय. तिच्या पायांचा चुरा केलाय मी! दुबईचा क्लब सुरू झाला की पहिल्या दिवशी आपण दोघं जायचं."

"हं" म्हटलं फक्त. ऑस्करचं सांगायला हवं होतं तेव्हाच. नाही सांगितलं.

मग ऑस्करलाच फोन लावला. "अरे, तसलं काही नाही रे! माझंच डोकं फिरलं होतं."

"आता काय उपयोग? कालच तिचा व्हिसा कॅन्सल केला."

करेन त्याच्याच व्हिसावर आहे. इथे आम्हा बऱ्याच बायकांचं तसंच — नवऱ्याच्या नावावर राहायचं, त्यावरच नोकरी करायची. त्याने मनात आणलं की घर गेलं, नोकरी गेली. नि ती तर देशाबाहेर!

"मागे घे रे, ऑस्कर. पाया पडते तुझ्या."

"यल्ला, चल, आता मुंबईत जाऊन नाच म्हणावं!" फोन कट.

कार्लला कळवायचं का? चार वेळा मेसेज लिहिला, चार वेळा पुसला. काय लिहू? मी आग लावली म्हणून?

१७ नोव्हेंबर

करेनला शांघायच्या एअरपोर्टवर काउंटरलाच अडवलं. दुबईच्या विमानात बसू दिलं नाही. कार्लही बसला नाही. त्याचा मेसेज आलाय: "ती सारखी रडतेय. तिला एकटीला सोडणार नाही. मी तिच्याबरोबर मुंबईला चाललोय. ऑस्करशी बोललो, सगळं कळलं. तू फोन करू नकोस."