कुंपणभिंतीखालची माती

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, नोकरी आयुष्यभर जंतू सांभाळण्याची, आता निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. मला दबकावू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी बायको. ती सहा वर्षांपूर्वी गेली.

१. बँकेतली ठेव पुतणीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. भिंतीला वळसा घालून ती रोज मला भेटायला येते.

२. माझा सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या बाईंना. बटाटा सडवणाऱ्या जंतूंचे निरोप पोचले की जांभळ्या व्हाव्यात, अशा तबकड्या मी करत असे आणि त्यांत ठिकठिकाणची माती घालून पाहत असे. काही पांढऱ्याच राहत. दोन वर्षे मी त्या बिघडल्या म्हणून धुवायला टाकल्या. शेवटी बाई म्हणाल्या, "साहेब, तुमच्या अंगणातली माती घातलेल्याच बऱ्या बिघडतात!" विभागप्रमुख खो खो हसले. माझ्या शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये. ते पाऊण तास सोडत नाहीत.

३. बाईंचे बरोबर निघाले. सडवणारे जंतू एकमेकांना रासायनिक निरोप धाडतात. निरोप पुरेसे साठले, की आपण पुष्कळ आहोत हे त्यांना कळते आणि मग सगळे मिळून बटाट्यावर तुटून पडतात. आमच्या अंगणातल्या मातीतला एक जंतू कोणाला मारत नाही. तो निरोपाच्या रेणूतली कडी वाटेतच उघडून निरोप निकामी करतो. सडवणारे जिवंत राहतात, पण गप्प. बटाटा शाबूत. यावर माझी सगळी कारकीर्द उभी आहे आणि शोधनिबंधात बाईंचे नाव नाही. ती चूक माझी.

४. घराचा माझा अर्धा भाग धाकट्याला. तो हेकट आहे, माझी शिडी त्याने परत केलेली नाही आणि साडेपाच वर्षे आम्ही बोललेलो नाही. त्याआधी तीस वर्षे आमचे निरोप बायको पोचवायची. मी म्हणायचो, "सांग त्याला, पुन्हा माझ्या दारात गाडी लावलीस तर चाकं काढून ठेवीन." ती जाऊन यायची. "भाऊजी बरं म्हणाले. तुमचा गुडघा कसा आहे, विचारत होते."

ती गेली आणि आम्ही समोरासमोर बोलू लागलो. सहा महिन्यांत अंगणात भिंत उभी राहिली, नेमकी त्याच मातीवर. शेवटच्या भांडणात धाकटा म्हणाला, "वहिनी होती तेव्हा तू असा नव्हतास, दादा." मी असाच होतो. तोही. जन्मभर मी त्या जंतूचा अभ्यास केला आणि माझ्या स्वयंपाकघरात काय चालले होते, ते मला भिंत वाळल्यावर कळले. याची लाज वाटते. तिची फार आठवण येते.

५. भिंत पाडावी. खर्च माझ्या ठेवीतून.

६. हे मृत्युपत्र पुतणीने तिच्या बाबांना वाचून दाखवावे. 'हेकट' आणि शिडी वगळावी. "दादानं काय लिहिलंय?" असे त्याने विचारलेच, तर सांगावे, "तुमचा गुडघा कसा आहे, विचारलंय."

आणि हे मी खरोखरच विचारतो आहे.

सही: (थोरला)
साक्षीदार: १. समोरचे शिंपी. २. आमचे दातांचे डॉक्टर. दोघांनी माझ्यादेखत सह्या केल्या.
स्थळ: मागची खोली, भिंतीकडची खिडकी उघडी
दिनांक: ९ मार्च