राखेवरच भरलेला पाइप

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात तांब्याचा हंडा घ्यायला कसब्यात गेले होते. येताना तुमच्या तंबाखूवाल्या चाचांचं दुकान दिसलं. आता तिथे त्यांचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो आणि चाचा कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतात. मी लहानपणी तुमचं बोट धरून यायचे, तेवढ्यावर त्यांनी मला ओळखलं. "ड्रॉइंगवाल्या साहेबांची मुलगी ना तुम्ही?" म्हणाले आणि चहा मागवला. तिथून उठले तेव्हा हंडा त्यांच्याच दुकानात राहिला. आणायला जायचं धाडस अजून झालेलं नाही.

मी नऊ वर्षांची असेन. तुम्ही नकाशांच्या ऑफिसातून यायचात, हातपाय धुवायचात आणि गॅलरीत बसायचात. दिवसाला एकच पाइप, तोही संध्याकाळचा. त्या दिवशी तुम्ही येण्याआधीच मी पाइप भरून ठेवला होता. आतली आदल्या दिवशीची राख तशीच, त्यावरच तंबाखू दाबलेली. तुम्ही काडी लावलीत, एक झुरका घेतलात आणि तडक बेसिनपाशी जाऊन थुंकलात. मी दाराआड. "शाळेत चूक झाली की त्याच्यावरच गिरवतेस, की आधी खोडतेस?" तुम्ही विचारलंत. "खोडते." "मग इथे काय झालं?" मी रडले नाही, कारण तुम्ही लगेच मला शेजारी बसवलंत. दांडी फिरवून वेगळी केलीत, बारीक तारेला कापूस गुंडाळलात आणि ती तार एका झटक्यात दांडीतून आरपार घातलीत. कापूस काळा होऊन बाहेर आला. हे आत साचतं, म्हणालात, मग कितीही चांगली तंबाखू घाला, कडूच लागणार. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, तिला कसले धडे देताय!" तुमचे हात मला तेव्हा जगातले सगळ्यात स्थिर हात वाटायचे. नकाशावर नदीची रेघ काढताना तुम्ही श्वास रोखायचात, आणि आम्हीही.

आई गेल्यावर तुम्ही बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये एकटे राहिलात. मी दर रविवारी यायचे, दोन तासांसाठी, तेही अर्धं लक्ष फोनमध्ये ठेवून. तुम्ही आता दिवसभर पाइप ओढत होतात. विझला की वरची राख गॅलरीच्या कठड्यावर झटकायची आणि उरलेल्यावरच पुन्हा भरायचा. ओढताना आतून पाणी गुळगुळल्यासारखा आवाज यायचा. घराला कुबट, जळका वास लागला होता. तुम्ही, ज्यांनी मला तारेवरचा काळा कापूस दाखवला होता, तेच. मला वाटलं, आई गेली आणि यांनी ताळतंत्र सोडलं. "अण्णा, निदान साफ तरी करा," मी म्हणायचे. "वेळ मिळत नाही," तुम्ही म्हणायचात. निवृत्त माणसाला वेळ मिळत नाही! मला तो तुमचा नेहमीचा तिरकसपणा वाटायचा.

किती गोष्टी समोर होत्या. चहा अर्धाच कप मागायचात. हात काखेत घालून बसायचात, थंडी नसताना. आईच्या डब्यांवर तुमच्या अक्षरातली नावं होती, छापल्यासारखी. मी नवा डबा आणला आणि म्हटलं, मेथी लिहून द्या. तुम्ही म्हणालात, "तूच लिही. तुझं अक्षर काय वाईट आहे?" आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्या अक्षराला बरं म्हणालात. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस खूश होते, अण्णा.

आणि तो रविवार. मी ओट्याशी भात बघत होते. तुम्ही आलात आणि पाइप आणि तार माझ्याजवळ ठेवलीत. "एवढी आत घालून देतेस? मला आज जमत नाहीये." मी वळूनही पाहिलं नाही. "मला नका त्याला हात लावायला सांगू. तुमची घाण तुम्ही काढा." मग म्हणालात, "बरोबर आहे," आणि दोन्ही वस्तू उचलून घेऊन गेलात. त्यानंतर महिन्याभराने मी तो पाइप सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. तुमचा नातू वासाने खोकतो, असं कारण दिलं. तुम्ही म्हणालात, "चांगलं केलंस. साफ करायची कटकट गेली." मला तो टोमणा वाटला, म्हणून मी रागावून निघून गेले. तीन महिन्यांनी तुम्ही गेलात. ते तीन महिने रिकाम्या हातांनी त्या गॅलरीत काय करत होतात, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

परवा चहा पिताना चाचा म्हणाले, "हात फार कापायचे हो साहेबांचे. तार भोकात जायचीच नाही. दर शनिवारी बसने यायचे, मी साफ करून द्यायचो. म्हणायचे, घरी कुणाला सांगू नका, नकाशे काढणाऱ्याचे हात आहेत. मग गुडघे गेले, येणं बंद झालं." मी कप खाली ठेवला. माझ्या भावाला, आत्याला, सगळ्यांना मी इतकी वर्षं हेच सांगत आले की अण्णांनी कधी कशासाठी हात पसरला नाही, आपल्याला कळणार कसं. लोक मला समजावायचे, तुझा काय दोष. मीही तसं समजायला लागले होते.

हे पत्र भावाला वाचायला देणार नाही. तुमच्या तिथीला फोटोपुढे ठेवायचीही हिंमत नाही. कारण चाचा पुढे एक गोष्ट बोलले. "मला काळजी होती, म्हणून मी फोन केला होता साहेबांना. विचारलं, आता पाइप कोण साफ करतं? तर म्हणाले, मुलगी करते, रविवारी येते ना ती. छान करते." मग चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बापाचं एवढं कोण करतं आजकाल. तुम्ही केलंत."

मी हो म्हणाले.