न पाहिलेल्या तिसऱ्या अंकाबद्दल

मी, वासुदेव नरहर सावे, वय ७१, रेल्वेचा निवृत्त बुकिंग क्लार्क आणि अडतीस वर्षं एका स्थानिक साप्ताहिकाचा नाट्यसमीक्षक, राहणार डहाणू, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना (पत्नी मनोरमा स्वयंपाकघरात आहे, तिचा दबाव नेहमीचाच) हे लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्याची एक प्रत तलासरीच्या हौशी नटमंडळींना द्यावी. त्यांना फार वर्षांपासून शंका आहे.

१. घर आणि पोस्टातली ठेव मनोरमाला. नाटकाहून परतताना रिक्षात ती जे एका वाक्यात बोलायची, तेच मी दोन रकाने लिहायचो.

२. कात्रणांच्या फायली मुलगी हेमांगीला. रद्दीत घालण्यापूर्वी पहिलं कात्रण वाचावं. सरावलीच्या गणेशोत्सवातलं नाटक होतं. त्या आठवड्यात खताची जाहिरात आली नाही, जागा रिकामी राहिली, म्हणून मी समीक्षक झालो.

३. सत्काराच्या शाली शेजारच्या हंसाबेनना. ‘वासुदेवभाई, आटली बधी शालनुं शुं करशो?’ इतक्या शालींचं करणार काय, असं त्या दर वेळी गुजरातीत विचारत. हे घ्या उत्तर.

४. अंधारात टिपणं काढायची विजेरी सायवनच्या शाळेला. तिथल्या संमेलनात वीज हमखास जाते.

५. माझी घडीची खुर्ची झाईचे होडीवाले नट मोरेश्वर ऊर्फ मोरू तामोरे यांना. १९९८ साली त्यांचं नाटक पाहताना दुसऱ्या अंकानंतर मी शेवटची एसटी गाठायला उठलो. परीक्षणात मात्र लिहिलं, ‘तिसरा अंक रेंगाळला. तामोरे यांचा मृत्यू कृत्रिम वाटला.’ नंतर कळलं की मी निघताच वारा सुटला आणि अख्खी मंडळी मिशा-मुकुटांसकट होड्या ओढायला धावली. तिसरा अंक झालाच नाही. मोरू मेलाच नव्हता! त्याने ते कात्रण मासळीबाजारात मोठ्याने वाचलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. चूक कबूल करायची मला लाज वाटली. आज करतो. मोरू, मी खोटं लिहिलं. मला माफ कर.

६. कलम ५ मध्ये बदल. शैलेश वकिलांनी ते कलम मोरूला फोनवर वाचून दाखवलं. काल तो थेट घरी आला. म्हणाला, ‘खुर्ची ऱ्हाऊ दे तुलाच. तिसरा अंक अजून पाठ हाय. बस, बघ.’ सोफा आणि टीव्हीच्या मधे तो चांगली अकरा मिनिटं मरत होता. मला रडू आलं. मृत्यू अजिबात कृत्रिम नव्हता.

पण अंक खरंच रेंगाळतो. तसं मी तोंडावर सांगितलं. मोरू धोतर झटकत उठला. ‘आता बोल काय बोलायचं ते. बघून बोलतोस ना!’ मग मनोरमाने चहा टाकला.

खुर्ची माझ्याकडेच राहील. मोरूला काही मिळत नसल्याने तो साक्षीदार व्हायला मोकळा आहे.

डहाणू, १२ जानेवारी २०२५
वासुदेव नरहर सावे (सही)

साक्षीदार :
१. ॲड. शैलेश राऊत (सही)
२. मोरेश्वर तामोरे (सही). मधेच न उठता शेवटपर्यंत वाचलं.