गच्चीच्या तक्त्यातल्या रेघा

चि. धाकटीस, थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? माझा कुरकुरतो, पण चालवून घेतो. (चौथीत शाळा सुटलेली तुझी ताई आता कॉम्प्युटरवर तक्ता करते, हे आधी नीट बसून वाच.)

आमच्या इमारतीत गच्चीवरच्या दोऱ्यांवरून रोज कटकट. म्हणून नातसुनेने मला तक्ता शिकवला. एक चौकोन म्हणजे एक हात दोरी, दर घराला चार. नावं टाइप करायला मला अख्खी दुपार पुरत नाही, म्हणून मी ज्याला त्याला रंगच दिला. शिंपीणबाईंना गुलाबी हवा, शेजारच्या मास्तरीणबाईंनाही गुलाबीच. दोघी हटेनात, दिला दोघींना. पण रंग भरला आणि मधल्या रेघाच गडप, सगळा एक गुलाबी पट्टा. शिंपीणबाईंनी आठही हातांवर पडदे पसरले, मास्तरीणबाई ओली बादली घेऊन उभ्या. "तुमचं कुठे संपतं ते दाखवा." "मला काय विचारता, तक्त्याला विचारा." तळमजल्यावरचे रिटायर हेडक्लार्क टपलेलेच होते, म्हणाले, आजींकडून हे काम काढून घ्या, मी वहीत आखून देतो. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही गं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लोक मला विचारून काही करत होते.

नातसून ऑफिसातून आली ती हसायलाच लागली. म्हणाली, त्या फिक्या रेघा खऱ्या नसतातच, नुसत्या दिसण्यापुरत्या. रंग चढला की झाकल्या जातात. आपल्या रेघा आपण मारायच्या. सगळे चौकोन निवडायचे, वर चार काचांच्या खिडकीसारखं चित्र असतं ते दाबायचं, त्यातून 'सगळ्या बॉर्डर' घ्यायचं. घेतलं, रंग जागच्या जागी आणि रेघाही हजर. (मी तीनदा सगळ्याच्या सगळ्या घालवून तीनदा आणल्या, उगीच.) आता नव्याने छापून गच्चीच्या दारावर लावलाय. जो तो आपले चार मोजतो आणि गुमान वाळत घालतो. काम माझ्याकडेच राहिलं.

तुझी,
तक्तेवाली ताई

ता.क. हेडक्लार्क लेकीकडे गेलेत. पंधरवड्याने आले की सगळ्यांचेच चौकोन मोजणार, असं बजावून गेलेत.

ता.क. आणखी एक. कोपऱ्यातला हिरवा माझा. त्यात सहा आहेत. रेघा नव्हत्या तोवर कुणाला कळत नव्हतं. सगळ्या रेघा घालवता येतात मला, पण फक्त हिरव्यातल्या कशा घालवायच्या, ते तुझ्या सुनेला विचारून उलट टपाली कळव. माझ्या नातसुनेला विचारलं तर ती कारण विचारेल.