अडीचशेच्या जागी पाचशे

आबा, बाप असलास तरी आज तुला तू म्हणणार आहे. जिवंत असताना म्हटलं असतं तर दात पाडले असतेस.

काल दुकानात चिंचपाड्याचा एक बँडवाला गिटार घेऊन आला. म्हणाला, ताई, आवाज कानात घुसतो. उघडली तर व्हॉल्यूमच्या बटणाखालचा पॉट, म्हणजे विजेला अडवणारा भाग, पाचशे किलो-ओहमचा. मी अडीचशेचा बसवला, आवाज जागेवर आला. लोकांना वाटतं ते बटण नुसतं आवाज कमी-जास्त करतं. पण ते पूर्ण उघडलं तरी आवाजातला तीक्ष्ण भाग थोडा त्यातून अर्थिंगच्या तारेत गळून जातो. अडीचशेतून जास्त, पाचशेतून कमी. तुझ्या सिंगल कॉइलच्या, मुळातच तीक्ष्ण आवाजाच्या गिटारला अडीचशेच लागायचा. हे मी तुझ्याच टेबलावर शिकले. वायरीला कथलाचा डाग देताना हात हलला की मानेवर फटका बसायचा.

तू बँडबरोबर ज्या लग्नात गिटार वाजवणार होतास, त्याच्या आठ दिवस आधी तू मला तुझ्या बँडवाल्यांसमोर केबलने फोडून काढलंस, कारण मी जॅक घरी विसरले होते. एकोणीस वर्षांची होते मी. ते सगळे खाली बघत वायरी गुंडाळत राहिले. मग तुझ्या गिटारचं बटण खरखरायला लागलं आणि तू पॉट बदलायला मलाच सांगितलंस. दोन डबे होते, अडीचशेचा आणि पाचशेचा. मी पॉटच्या पाठीवरचा आकडा वाचला. वाचून पाचशेचा लावला. मला तुझा आवाज चार लोकांत फाडायचा होता.

फाटला. मांडवात लोकांनी कानावर हात ठेवले, नवरदेवाच्या मामाने माइकवरून तुला थांबायला सांगितलं. तू गिटार गळ्यात तशीच ठेवून घरी आलास. मी चुलीजवळ होते.

"हाऊ मन्हा आवाज शे का?" गिटारकडे बोट करून एवढंच विचारलंस आणि माझी वेणी मुठीत धरून डोकं भिंतीवर आपटलंस. दोनदा. तिसऱ्यांदा आई मध्ये आली.

"डबा मन्हा हाततून पडना. माल मिसळी गया. तिले मारू नका."

डबा पडलाच नव्हता. तू मला सोडलंस, गिटार मानेकडून दोन्ही हातांनी धरलीस आणि आईवर हाणलीस. तिने हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आबा. तुझ्या कुठल्याही गाण्यापेक्षा तो मला नीट आठवतो. दवाखान्यात तिने पाय घसरला असं सांगितलं. तू शेजारी बसून मान डोलावलीस.

ते मनगट वाकडंच जुळलं. ती भाकरी आता डाव्या हाताने थापते आणि पहिली अजून तुझ्या फोटोपुढे ठेवते. मला संताप येतो, पण बोलत नाही. बोलले तर डब्याचं निघेल, आणि पाचशेचा मी मुद्दाम लावला तेही.

हे लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही, चुलीतच जाईल. तुझा मी आजही द्वेष करते. पण आईचं हाड मोडलं तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की बरं झालं, मी सुटले.